पानी

सहाव्या वर्षी मला एका खोलीत बसवलं.
फिनेलचा वास, खिडकीत जिरेनियमची कुंडी,
आणि समोर प्रेशोवहून आलेल्या एक बाई,
हातात चित्रांची गड्डी.

छत्री दाखवली. आमच्याकडं छत्री नव्हती,
पण ओळखली; पोस्टमनकडं होती.
इस्त्री दाखवली. गप्प राहिले.
मग एक पेला, काठोकाठ भरलेला.

पानी, मी म्हणाले.

आम्हा रोमांच्या घरात पानी म्हणजे काय
ते तुम्हाला सांगायला नको.
स्लोव्हाकमध्ये पानी म्हणजे बाई.
त्यांना वाटलं, मी हाक मारतेय.
हं, बोल ना, म्हणाल्या. गोड आवाज.
पानी, मी म्हणाले.
हो गं, ऐकतेय मी. पण हे काय आहे?
पानी!
त्यांनी जरा वाट पाहिली,
मग कागदावर एक गोल काढला.
मला वाटलं, पेल्याचं तोंड काढलं.

मग नऊ वर्षं ओढ्यापलीकडची शाळा.
तिला विशेष म्हणत, आणि मला तो शब्द आवडायचा.
कात्रीनं कागदाचे ससे कापायचो आम्ही.
किती ससे! रांगेत उभे केले असते
तर पार प्रेशोवपर्यंत गेले असते,
तिकीट न काढता.
माझा भाऊ देझिदेर बाजारात
बारा क्रेट प्लमचा हिशेब तोंडी करायचा.
वर्गात म्हणायचा, येख, दुय, त्रिन, श्तार, पांज,
आणि बाई म्हणायच्या, एक तर नीट बोल,
आणि पाचाच्या पुढं जाऊ नकोस,
ते पुढच्या वर्षीचं आहे.

कपाटात गोष्टींचं एकच पुस्तक होतं.
त्यातले मास्तर दुष्ट. टोकदार मिशा, हातात वेत.
शेवटून दुसऱ्या पानावर हेडमास्तर दार उघडतात,
सगळं उघडकीला येतं,
आणि अख्खा वर्ग उभा राहून माफी मागतो.
मी दाराकडं बघत बसायचे.
एकदा खरंच उघडलं.
हेडमास्तर आत आले,
रेडिएटरवर हात ठेवून पाहिला,
गेले.

आमच्या बाई दुष्ट नव्हत्या हो.
हेच तर कुणाला सांगता येत नाही.
ह्रिन्याकोवाबाई थंडीत स्वतः विणलेले मोजे आणायच्या,
माझ्या केसांवरून हात फिरवायच्या,
मग साबणानं हात धुवायच्या.
म्हणायच्या, झेपेल तेवढंच कर, राणी.
वेत असता
तर वळ तरी दाखवता आला असता.

माझी वियोला सहाची झाली
तेव्हा चित्रं मीच काढली, बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
रोज रात्री, जेवणं झाली की.
हे काय?
पानी.
नाही. वोदा म्हण.
पानी, आई.
वोदा. वोदा म्हण. पुन्हा.
माझी आई कोपऱ्यात बटाटे सोलत होती.
साल तुटू न देता सोलते ती, एकच लांब फीत.
त्या रात्री तीनदा तुटली.
ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

वियोला आता चर्चजवळच्या मोठ्या शाळेत जाते.
बाकावर तिच्या शेजारी कुणी बसत नाही,
पण फळा सगळ्यांचा एकच आहे.
ती दहाच्या पुढं गेलीय, वीसच्याही.
मोठ्यानं मोजते, मी भांडी घासताना,
त्यांच्या आकड्यांत.

काल तिला ताप होता.
मध्यरात्री अंधारात म्हणाली, वोदा.
मी उशाशीच होते, भरलेला पेला हातात,
आणि खरं सांगते, क्षणभर
मी तशीच थांबले,
ती पुढं काय म्हणते ते ऐकायला.