गणंग

लाह्यांचा मका वेगळा असतो.
भूपाल शेट्टी हे सांगतो तेव्हा
तागडीकडे बघत नाही, माझ्या बोटांकडे बघतो.
बोटं पिवळी. सांगलीच्या मार्केट यार्डात
एकवीस वर्षं हळदीची पोती तोलतोय,
हा रंग आता साबणाचं ऐकत नाही.
"गुरांचा मका नेशील तर नुसता भाजंल.
ह्यो घे, पाव किलो. आन् झाकण सोडू नको."

स्वरांजली मॉलमधून आली ती
मैत्रिणीचा पॉपकॉर्नचा डबा घेऊन, रिकामा,
तळाशी बोट फिरवून मीठ चाटत.
किंमत तिने सांगितली नाही,
मीही विचारली नाही.

तिची आई मिरजेला, म्हणून हे धाडस.
कुकर घेतला. रिंग काढली, शिट्टी काढली.
दोन पळ्या तेल, मीठ आधीच,
आणि टेहळणीला तीनच दाणे.
तिन्ही उडाले की बाकीचे टाकायचे,
असं तिने मोबाइलवर बघून ठेवलेलं.
एक उडाला तो थेट देवाच्या फळीवर.
दुसरा जागच्या जागी.
तिसरा बसून राहिला.
"चालतंय बाबा, टाका."

आधी काहीच नाही.
तापल्या तेलाचा वास, आणि आम्ही दोघं
कुकरकडे बघत उभे.
मागे भिंतीवर पुराची रेघ, तीन वेळा चुना मारून
चौथ्यांदा उमटलेली.
त्या साली तिच्या कपाळाला लागायची,
आता खांद्याला.

मग एक.
मग कुणीच नाही.
मग दोन, आणि मग एकदम सगळे,
सौदा निघाल्यावर ढिगाभोवती
व्यापारी तोंड सोडतात तसे.
तिने फडकं घेऊन झाकण दाबून धरलं,
"बाबा, हाताला गुदगुल्या होतायत!"
चौदा वर्षांची मुलगी. एरवी माझ्याशी
फीच्या पावतीपुरतं बोलते.

दोन आवाजांत दोन सेकंद गेले
की गॅस बंद करायचा.
मी चार मोजले.
थोडं करपलं.

परातीत ओतलं तर पांढरा ढीग,
कडेकडेने पिवळे डाग.
हळद घातली नव्हती.
"तुमच्या हातानं झालंय," ती म्हणाली,
आणि पिवळे वेचून आधी खाल्ले.

तळाशी राहिले ते गणंग.

हा शब्द तिला माहीत नव्हता.
मला तो फार आधीपासून माहीत आहे.
पंचमीच्या आदल्या दिवशी आईने
ज्वारीच्या लाह्या फोडल्या होत्या,
सूप झटकून गणंग एका बाजूला केले होते.
माझी दहावी दुसऱ्यांदा गेलेली.
आप्पा पाटावरून म्हणाले,
"ह्यो एक ऱ्हायला पाखडायचा."
सगळे हसले. मीही हसलो.
लाह्या चांगल्या झाल्या होत्या.

तिला एवढं सांगितलं नाही.
शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला:
जो तापतो, पण फुटत नाही.
"का पण?"
भूपाल म्हणतो, दाण्याच्या पोटात थेंबभर पाणी असतं.
साल कुठे चिरलेली असली
तर वाफ गुपचूप निघून जाते.
"मग परत तापवायचे!"
नाही. नुसते जळतात.
मी करून बघितलंय.

तिने तरी एक उचलून
दाढेखाली कडकन फोडला.
"दात पडतील, गधडे."
"मस्त लागतोय. फुटाण्यासारखा."
आणि मूठ माझ्यापुढे धरली.

सोमवारी काट्यावर उभा आहे.
पोती येतायत, आकडे लिहितोय.
दाढेत एक साल अडकलेली,
जीभ सारखी तिकडे जाते.
हमाल विचारतो, काय चघळताय सकाळधरनं?
काही नाही, म्हणतो.
आणि पुन्हा जातेच.