अकरा गेल्या, बारा आल्या

खाली टायरचं गोडाऊन, वर कॉलेज.
वर्गात आम्ही नऊ.
तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र.
"तिन्ही घेतले म्हणजे एकही नोकरी नाही,"
बाबा म्हणाले, आणि फीचे पैसे मोजून दिले,
माग भंगारात गेला त्या महिन्यातले.

बारापात्रे मॅडम पहिल्याच तासाला विचारायच्या,
ही खुर्ची आहे, हे तुम्हाला कशावरून ठाऊक?
खाली हवा भरायचं मशीन धडधडायचं,
खुर्ची थरथरायची,
तेजराम म्हणायचा, मॅडम, खिळा टोचून राहिला न.
एवढा पुरावा त्यांना पुरत नसे.
जूनपासून डिसेंबरपर्यंत
ती खुर्ची काही सिद्ध झाली नाही.

मग अधिवेशन आलं.
दरवर्षी दोन आठवडे
शहराला राजधानीचा ताप चढतो.
दुभाजक रंगले, खड्डे बुजले,
कुठल्याशा खात्याचा कुठलासा मंडप,
शिपाई चिठ्ठी घेऊन आला
आणि आमच्या अकरा खुर्च्या टेम्पोत चढल्या.
मॅडमनी तास उभ्यानंच घेतला.
नसलेल्या खुर्चीबद्दल आम्हाला
पहिल्यांदाच खात्रीनं बोलता आलं.

वैरागडे सरांनी फळ्यावर हिशेब मांडला:
खुर्चीमागे दिवसाला आठ रुपये, दिवस बारा,
एक हजार छप्पन.
खाली दोन रेघा ओढल्या.
"कोण देईल, सर?"
त्यांनी डस्टर शोधलं.

ढेंगरे सर राज्यशास्त्राचे, तासिका तत्त्वावर.
तासाचे पैसे तासाला मिळत नसत,
मार्च उलटल्यावर मिळाले तर मिळत.
शनिवारी आले नाहीत. सोमवारीही नाहीत.
मंगळवारी दिसले मॉरिस टी-पॉइंटला,
बॅरिकेडच्या अलीकडं, डांबरावर मांडी घालून,
पुढं डब्याचं झाकण, त्यात चिवडा.
गळ्यात पाटी. पाटीवर त्यांचंच अक्षर,
'सार्वभौमत्व' लिहिताना
आम्ही फळ्यावर पाहिलेलं,
'त्व'ची शेपटी खाली ओढणारं.

आम्ही उभे. काय बोलावं कळेना.
शबिस्ता म्हणाली,
सर, चौथं प्रकरण राहिलं न.
सर सरकले. जागा केली.
सामाजिक करार.
माणसांनी म्हणे एकदा ठरवलं,
आपली थोडी थोडी ताकद एका जागी ठेवू,
ती आपल्याला सांभाळेल.
"कोणी सही केली होती काय, तुमच्यापैकी?"
मागच्या रांगेतल्या अंगणवाडीच्या बाया
भाकर थांबवून ऐकत होत्या.
पलीकडचा हवालदार काठीवर हनुवटी टेकून.
म्हणाला, परीक्षेत येते का हे?
सर म्हणाले, येते. दहा मार्काला.

अधिवेशन संपलं. टेम्पो परत आला.
शिपायानं दोनदा मोजल्या, मग मला मोजायला लावल्या.
अकरा गेल्या, बारा आल्या.
बारावी निळी, पाठीवर
कुण्या बिछायतवाल्याचं अर्धं पुसलेलं नाव.
वैरागडे सर म्हणाले, अधिशेष. आणि स्वतःच हसले.
मॅडम तिच्याभोवती एकदा फिरल्या.
म्हणाल्या, चला, आता ही.

ढेंगरे सर जानेवारीत आले नाहीत.
कोणी म्हणालं, वाडीला ट्रान्सपोर्टवाल्याकडं बिल्ट्या लिहितात.
कोणी म्हणालं, उमरेडला शिकवणी.
निळी खुर्ची रिकामी राहायची असं काही नाही,
तेजराम बसायचा, पाय वर घेऊन,
तिला खिळा नव्हता.

करारावर प्रश्न आला. दहा मार्काचा.
मी डांबर लिहिलं, झाकण लिहिलं, हवालदाराची काठी.
चार मिळाले.

तांडापेठेत आमच्या घरी
मागाच्या जागी फरशीत चार बोल्टांची भोकं आहेत.
मी तिथंच चटई टाकून वाचायची.
"मंग? आहे का खुर्ची?" बाबा विचारायचे.
अजून ठरलं नाही, मी म्हणायची.
"काऊन वो, तीन वर्षं झाले न,"
म्हणत ते पाणी प्यायला उठायचे
आणि माठाकडं जाताना
मागाला वळसा घालून जायचे.