उरलेल्या अर्ध्याचा रकाना

गुरुवारी रात्री साडेआठला, रावपुऱ्यात,
चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत आमचा खेळ बसतो.
खेळवणारा मी. समोर पुठ्ठ्याचा आडोसा, जुन्या कॅलेंडरचा;
माझ्या बाजूला एकादश्या, त्यांच्या बाजूला ड्रॅगन.
उर्विल बुटका खाणकामगार, निर्झर तिरंदाज
(बाण मोजायचा त्याला कंटाळा, ते कधीच संपत नाहीत)
आणि ह्या महिन्यापासून रूही वोरा.

तिनं वंशाच्या रकान्यात लिहिलं : अर्धी राक्षसी.
मग पेन्सिल तशीच धरून विचारलं,
"आणि उरलेली अर्धी कुठे लिहायची?"
मी नियम चाळले.
आगीची इजा निम्मी. अंधारात साठ फूट दिसतं.
शिंगं आपापल्या आवडीची, शेपूट सक्तीचं.
अनोळखी गावात पहिल्या बोलण्याला उणे दोन.
उरलेल्या अर्ध्याबद्दल एक ओळ नव्हती.
"ते धरून चालायचं," मी म्हणालो,
आणि उर्विलनं फाफड्याची पुडी सोडली.

तिसऱ्या गुरुवारी ते एका वेशीशी पोचले.
लांडगे नव्हते, भुतं नव्हती, मी काहीच पेरलं नव्हतं;
नुसती एक धर्मशाळा, दाराशी म्हातारा.
तिनं टोपी कपाळावर ओढली, शेपूट कमरेला गुंडाळलं,
एका रात्रीची जागा मागितली, भाडं आगाऊ.
फासा : अकरा. उणे दोन, नऊ.
आता म्हाताऱ्याचं मला बोलायचं होतं.

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडला
फतेगंजातल्या दलालाचा आवाज,
तेच खाकरणं, तीच चाव्यांच्या जुडग्याची खुळखुळ :
"नाव काय म्हणालात? हां. पण म्हणजे कोणते?"

कोणी हसलं नाही.
"हा माझ्या ओळखीचा आहे," रूही म्हणाली.
"गेल्या वर्षी सात घरं दाखवली ह्यानं.
दर जिन्यावर, वोरा एटले कया वोरा?
जैन समजले की दार उघडतं,
पपांचं नाव सांगितलं की मिटतं,
आईचं साळगावकर सांगितलं की विचारतात, मासे?"
चिडून नाही, फासे रचत सांगत होती,
वीस बाजूंच्यावर चार बाजूंचा.
तो टिकत नव्हता.

मला घर त्यानंच दिलं होतं.
"मराठी ने? मच्छी तो नथी खाता ने?"
मी नाही म्हणालो. बोटांना सकाळच्या बांगड्याचा वास.
चार वर्षं झाली.
रविवारी गॅसजवळची खिडकी लावून,
उदबत्ती पेटवून तळतो.
माझं शेपूट विजारीत नीट बसतं,
कुठल्या कागदावर मी ते लिहिलेलं नाही.

"दार मिटलं," मी सांगितलं, म्हाताऱ्याच्या नव्हे, माझ्या आवाजात.
ते बाहेर राहिले. ओढ्याकाठी शेकोटी.
पहारा कोणाचा, ह्यावर चर्चाच होत नाही;
अंधारात दिसतं तिला, म्हणून दर रात्री तिचाच.
बाकीचे झोपतात, सकाळी त्यांच्या जखमा भरलेल्या असतात.
तिचं रक्त काल होतं तेवढंच.

"काय दिसतंय?" मी विचारलं.
"गाव," ती म्हणाली. "सगळ्या खिडक्या बंद.
कुठून तरी तळणाचा वास येतोय."

मी आडोशामागे एकादश्यांकडे बघत बसलो.

साडेअकराला काळ्या घोड्याच्या पुलावर स्कूटरी थांबवल्या.
खाली विश्वामित्रीत मगरीचे दोन डोळे,
टॉर्च मारला की तांबडे.
"गेली," निर्झर म्हणाला.
गेली नव्हती. टॉर्च विझला होता.
रूहीनं काही न बोलता गाडी सुरू केली.

घरी तिचा कागद काढला,
वंशाच्या खाली आणखी एक रकाना आखला.
पट्टी सापडली नाही, रेघ वाकडी आली.
परवा रविवार.
बांगडे आणायचे आहेत.
खिडकीचं बघू.