न विचारता

हेल्टरमाच्या धक्क्यावर रात्रीची शेवटची बोट लागली
की तिकिटांच्या सर्व्हरला पाच तास मोकळे.
अडीचला तो आपणहून उठेल,
नवं उतरवून घेईल, जुनं खरवडून टाकेल,
एकदा मरेल आणि परत येईल,
पहिली मोटार बोटीवर चढायच्या आत.
मी घरी असेन. झोपलेली असेन.
असं ठरलंय.

याआधी तो विचारायचा.
पुढे जाऊ का? हो.
एकशे बारा मेगाबाइट जागा लागेल, चालेल का? चालेल.
ही सेवा बंद करून पुन्हा सुरू करू? कर बाबा.
अकरा वर्षं मी त्याची होयबा होते.
एकोणीस किलोमीटर बर्फातून गाडी हाकायची,
हीटरपाशी बूट निथळत ठेवायचे
आणि एका बोटाने हो म्हणायचं.
एकदाही नाही म्हटल्याचं आठवत नाही.
मग विचारायचं कशाला?

डिसेंबरात तालिनहून फोन आला होता, पहाटे तीन दहाला.
बाई चांगली होती.
माझ्या भावाचं मशीन थांबवायचं का, असं तिने विचारलं.
उत्तर तिला माहीत होतं, मलाही.
तरी ती थांबली. घाई केली नाही.
तिच्या मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं,
ती दूर जाईपर्यंत आम्ही दोघी गप्प.
मग मी तेच अक्षर म्हणाले.

तर आज संध्याकाळी आज्ञा लिहिली.
तिच्या शेपटीला एक बारकं अक्षर लावलं की झालं,
सगळ्या प्रश्नांना आगाऊ होकार,
कोऱ्या कागदावर सही करून द्यावी तसा.
पण तेवढ्यानं भागत नाही.
एक प्रश्न होकाराला बधत नाही:
ही फाइल तुम्ही बदललेली दिसते.
तुमची ठेवू, की आमची घेऊ?

कुठली फाइल म्हणून उघडली.
उलो पिह्लाकची निघाली. माझ्या आधीचा,
निवृत्तीनंतर मधमाश्या पाळायचा आणि त्यांनाच शिव्या घालायचा.
सेटिंग एका ओळीचं, वर टीप पाच ओळींची:
'समुद्र गोठला की वेळापत्रक या आकड्यावर चालतं.
बनवणाऱ्यांचा आकडा बरोबर असेल,
पण त्यांनी बर्फ पाहिलेला नाही.
हात लावू नका.
लावलाच तर आधी मला फोन करा.'
खाली नंबर.
तो नंबर आता त्याच्या नातीकडे असतो, टार्टूला.
ती दातांच्या दवाखान्यात असते.

मी लिहिलं: जुनी ठेव. दर वेळी. विचारू नकोस.

घरी येऊन वाटाण्याचं सूप गरम केलं. आडवी झाले.
दोन वीस. दोन सव्वीस.
उठले, पण कोट चढवला नाही, एवढं मात्र पाळलं.
फोनवर हिरवा ठिपका होता.
दोन एक्केचाळीसला तो गेला.
चार मिनिटं.
या चार मिनिटांत कुणालाच काही विचारता येत नाही,
आणि कुणी काही विचारतही नाही.
ठिपका आला.
आवृत्ती नवी, उलो जुनाच.

हो, म्हणाले मी,
मोठ्याने, स्वयंपाकघरात.
कुणी विचारलं नव्हतं.

सहाची बोट वेळेवर सुटली म्हणे.
मी झोपले होते.