फाटकावरचा मेपल

स्कीमचं नाव आधी ठरलं, झाड मागून.
बेसा रोडवर कमान उभी राहिली, कमानीवर
पाच बोटांचं पान, सोनेरी पत्र्याचं.
मग मालकांनी मला बोलावलं: आता एक खरं पाहिजे.

नर्सरीवाल्यानं दिलं. नऊशे रुपये, लालजर्द.
"जपानी आहे," म्हणाला, पापणी न हलवता.
मी चष्मा पुसून फांदी पाहिली.
मेपलची पानं समोरासमोर बसतात,
विहीण-व्याही बसावेत तशी;
याची एक इकडे, एक तिकडे,
जिना चढल्यासारखी.
शंका आली. बोललो नाही.

तुळसाबाई उईकेंनी खुरपं खाली ठेवलं,
एक पान खुडलं, चावलं,
एक डोळा बारीक झाला.
"अंबाडी आहे न जी हे!"
शोभेची, लाल, पण अंबाडीच.
संध्याकाळी त्यांच्या पिशवीतून
नऊशेपैकी चाळीसेक रुपये
डाळीत पडायला निघाले.

खरं झाड पहाडातून आलं, रेल्वेनं,
ओल्या गोणपाटात. नुसत्या काड्या.
फेब्रुवारीत पानं उघडली, जोडीजोडीनं,
मी बोटं मोजली, बाळंतिणीच्या खोलीत मोजतात तशी.
भिंतीच्या पूर्वेला लावलं, दुपार दिसू नये म्हणून.
बुडाशी तणस, वर हिरवी जाळी.
एप्रिलात वॉचमन गजभियेनं
आपला कूलर त्याच्याकडे वळवला
आणि स्वतः बनियनवर बसला.

पंधरा मे. सेहेचाळीस.
आधी कडा तपकिरी झाल्या,
मग सगळं पान पापड.
हिवाळा मागत होतं ते.
आमच्याकडे तो दोन आठवडे येतो,
स्वेटरला डांबरगोळीचा वास असेपर्यंत.

कूलर परत वळवायला
कुणाचा हात धजला नाही तीन दिवस.

तुळसाबाईच म्हणाल्या,
"आमच्या पारशिवनीकडं कुसुम आहे.
शिमग्याला पानंच लाल येते त्याले,
पाहणाऱ्याले वाटते, रान पेटलं."
रात्री पुस्तक काढलं. कुसुम, रिठा, मेपल:
एकाच कुळाखाली तिघांची नावं.
मी ती ओळ दोनदा वाचली.

आता कमानीखाली कुसुम आहे, गुडघ्याएवढं.
बोटं नाहीत त्याच्या पानाला.
फ्लॅट पाहायला आलेले लोक
वर पत्र्याकडे बघतात, खाली बघतात,
विचारतात, "हाच का मेपल?"

तुळसाबाई पाइप दुसऱ्या आळ्यात टाकतात.
"त्याच्याच घरचं आहे जी.
इकडं दिलेलं."