कडीला हात

चोपड्यात, यावल रोडच्या दवाखान्यात
खोकला सांगितला, ॲसिडिटी सांगितली,
ठेच्यावरून बोलणी खाल्ली, हसलोही.
एरंडोल गाडीवर एकतीस वर्षं
मीच विचारायचो, कुठं?
आज फिरके डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
अजून कुठं काही?
तर विनातिकीट सापडल्यासारखा गप्प.

चिठ्ठी घेतली.
दाराशी एक चप्पल चढवली,
मग कडीकडेच बघत म्हणालो,
"लघवीला लाल जातं. पोळ्यापासून.
दुखत नाही, म्हणून..."
घरी बीट खाल्लं म्हणून सांगितलंय.

मागं पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज.
कंपाउंडरनं पुढचं नाव पुकारलं होतं,
बाई आतूनच म्हणाल्या, थांब रे.
"या सैंदाणेकाका. बसा."

बसलो,
एका पायात चप्पल तशीच.