सध्याचा पत्ता

टिपणीस काकांचा फोन सकाळी साडेसहाला:
"ॲप म्हणतंय गीझर घरात नाही.
मी समोर बघतोय. आहे."

खारकर आळी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
धापा टाकत पोचले तर काका
टॉवेल गुंडाळून राउटरसमोर उभे,
रेशनच्या खिडकीशी उभं राहावं तसे.

विशेष काही नव्हतं.
रात्री दोनदा वीज गेली.
राउटर उठला, डोळे चोळले,
जो आधी दारात आला त्याला
मोकळा नंबर देऊन टाकला.
कंट्रोलरचा पत्ता गेला
चिपळूणहून आलेल्या भाच्याच्या फोनला.
ॲप बिचारं त्या फोनचं दार ठोठावतंय,
पाणी तापव, पाणी तापव,
आणि भाचा घोरतोय.

"म्हणजे घरातल्या घरात बिऱ्हाड बदललं?"
"हो काका. चोवीस तासांचा करार असतो.
मुदत संपली की पुन्हा अर्ज."
"डिपॉझिट?"
"नाही."
"मग स्वस्तात सुटले."

वागळे इस्टेटला चौतीस वर्षं
एकाच लेथवर काढलेला माणूस.
पंचिंग कार्डाचा नंबर अजून तोंडपाठ.
मी म्हटलं, राउटर शंभरच्या पुढचे वाटतो,
आपण अलीकडचा घेऊ, त्याच्या हाताबाहेरचा.
पसंती तुमची.
काका देवघराकडे बघून म्हणाले, "एकवीस."
मी विचारलं नाही. मोदक असणार.

एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एकवीस.
खाली गेटवे, म्हणजे वेस:
बाहेर जायचं तर कुठून.
सेव्ह केलं आणि कंट्रोलर गपगार.
दोन मिनिटं.
काकांनी पंखा बंद केला, का कोण जाणे.

मग हिरवा दिवा.
मी एकवीसला हाक मारली.
त्यानं ओ दिली, दोन मिलिसेकंदांत.
राउटरचा प्लग काढला, पुन्हा लावला,
पुन्हा हाक.
ओ.

माझ्या पिशवीत होता पोलीस ठाण्याचा फॉर्म,
नव्या भाडेकरूचा. खारेगाव, अकरा महिने.
त्याआधी विटावा, त्याआधी दिघा.
सध्याचा पत्ता लिहून झालाय.
कायमचा पत्ता या रकान्यात
पेन टेकवल्याचा एक निळा ठिपका.
आईचं घर भावाच्या नावावर झाल्यापासून
तिथं काय लिहायचं ते मला
राउटरसुद्धा सांगत नाही.

"तुझा नंबर पक्का की फिरता?"
काका व्हिजिटिंग कार्ड चष्म्याजवळ नेऊन विचारतात.
फोनचाच विचारतात.
"पक्का," मी म्हणते. "बारा वर्षं तोच."

आत गीझर टक् करून लागला.
बादली भरेपर्यंत थांब, चहा टाकतो, म्हणाले.
टॉवेलातच टाकला.
भाचा उठून आला, केस उभे,
मोबाइल हलवत: वायफाय आलं का?
आलं.
त्याला एकशे चार मिळालाय.
उद्या सकाळपर्यंत.